पंधरवड्याची सुई

हजार विड्या वळणाऱ्या हाताची
त्या साली मूठ वळेना.
तांब्या दोन्ही तळव्यांत धरून पाणी प्यायचे,
केसांना तेल लावायला लेकीला हाक.
सकाळचे दहा वाजेतोवर
बोटं म्हणजे दुसऱ्याच कुणाची.
मुकादम म्हणाला, "मावशी,
तुमच्या विड्या ढिल्या यायल्यात."
निपाणीत एवढं ऐकलं
की बाईनं काय समजायचं ते समजावं.

बेळगावला हुलकुंद डॉक्टरीण म्हणाली,
"नोडी अक्का, तुमचंच रक्त
तुमच्या सांध्यांना परकं समजायलंय."
मी म्हटलं, बाई, सीमेवरची माणसं आम्ही,
आम्हाला ह्यात नवल ते काय!
ती हसली. मग हसू आवरून म्हणाली,
"सुई आहे. पंधरा दिवसाला एक.
पण ती पहारा ढिला करते, सगळाच."

आधी छातीचा फोटो, काविळीचं रक्त,
आणि एक प्रश्न: घरात जुना खोकला कुणाला?
आप्पा. वखारीत जर्दा चाळायचे.
शेवटी शेवटी रुमाल लाल व्हायचा,
तो आई सगळ्यांच्या आधी उठून धुवायची.
चाळीस वर्षं झाली.
तरी आप्पांचा खोकला
माझ्या छातीत बिऱ्हाड करून निजलेला,
भाडं नाही, आवाज नाही.
त्याला जागं होऊ द्यायचं नव्हतं,
म्हणून आधी त्याच्या गोळ्या.
लघवी केशरी झाली तेव्हा
मी मोरीत उभी राहून आप्पांना म्हटलं,
निजा आता.

सहीचा कागद कन्नडात, पाठीमागं इंग्रजी.
मेटगुड सिस्टरनं मराठीत सांगितला,
ताप, खोकला, न भरणारी जखम,
काही झालं तरी आधी फोन, मग सुई.
सही मी मोडीसारखी वाकडी केली.
"सुरक्षित आहे न्हवं?" विचारलं.
"जोंधळ्याला राखण लागते तशी ह्याला लागते.
राखणीला तुम्ही आणि मी."
सरळ हो म्हणाली असती
तर मी घाबरले असते.

आमच्यात फ्रिज नाही.
शिरगुप्पे जैन; त्यांच्या फ्रिजात
अंडं नाही, कांदा नाही.
दारातल्या ज्या खाचेत
जगाची अंडी असतात
तिथं माझी सुई.
लाइट गेली की त्यांची सून दारच उघडत नाही,
पोरांनी बर्फ मागितला तरी.

तिसऱ्या महिन्यात मूठ वळली.
कुणाला सांगितलं नाही,
चटणीची बरणी फक्त
विनाकारण चारदा उघडली.

दवाखान्याच्या बाकावरची कस्तुरी, संकेश्वरची.
तिची गोळी वेगळी, आजार तोच.
तिला कमरेला नागीण उठली.
घरच्यांनी मंतरून आणली, गेरू लावला,
गोळी चालूच.
तीन दिवसांनी फोन केला तिनं.
आता बरी आहे, पण तिथं लुगडं टेकलं
की अजून डोळे मिटते.
मला म्हणाली, "लाज वाटली गं,
एवढ्याशा पुरळाला डॉक्टरला काय उठवायचं?"

परवा शनिवारी माझी पाळी.
अंगात कणकण, काट्यावर शंभर आणि वर एक.
आणि सोमवारी आठवड्याचा माल द्यायचा.
एक सुई घेतली तर काय होतंय,
असं मनात आलं. आलंच.
फोन केला. सिस्टर म्हणाली, "सुई राहू दे. उद्या या."
फोटो, थुंकी, रक्त.
आप्पा निजलेले. साधाच ताप,
लेकीच्या शाळेतनं आलेला.
पण तो जाऊन हो म्हणेपर्यंत बारा दिवस,
आणि बाराव्या रात्री बोटं
पावात भिजल्यासारखी फुगलेली.
माल आठशेच भरला. मुकादम बोलला.
बोलू दे.

आज शिरगुप्प्यांकडं गेले.
कोथिंबिरीच्या जुडीमागं सुई तिथंच.
काढल्यावर अर्धा तास बाहेर ठेवायची असते,
गारठा जाईपर्यंत.
सुनेनं चहा टाकला.
मी ओट्याशी बसून
मूठ वळत होते, उघडत होते,
अर्ध्यावर अडत होती.
"झाला का अर्धा तास?" तिनं विचारलं.
म्हटलं, अजून दहा मिनिटं हायत.